विमलताईंचं काचांचं दार

समोरच्या दाराच्या काचांवर आता आतून वर्तमानपत्राची पानं चिकटवलेली आहेत. नव्या भाडेकरूंना म्हणे रस्त्यावरच्या लोकांनी आत पाहिलेलं आवडत नाही. बरोबरच आहे त्यांचं. घराच्या मुख्य दाराला काचा कोण बसवून घेतं? पण दार अस्सल सागवानी, एक सांधा अजून हललेला नाही, त्यामुळे ते बदलायचंही जिवावर येत असणार. सकाळी दूध घ्यायला मी बाहेर आले की एका काचेत सोन्याच्या दुकानाची जाहिरात दिसते, दुसरीत अर्धा मंत्री दिसतो, आणि माझा दिवस तिथेच थोडा नासतो.

ते दार विमलताई गांगुर्डेंनी हट्टाने करून घेतलं होतं. त्यात जे जे आहे ते सगळं त्यांनी विचार करून, भांडून, स्वतः उभं राहून करवून घेतलेलं आहे. मला राग येतो तो याचाच.

जेलरोडच्या मागे आमची गल्ली. दोन्ही बाजूंना रो हाउस, मधे जेमतेम एक टेम्पो जाईल एवढा रस्ता. विमलताईंचं घर आमच्या बरोब्बर समोर. आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान उतरवताना मला वाटलं, इथे कुठेतरी लाउडस्पीकर लावलाय. "लक्ष द्या. टेम्पो मागे घेताना डाव्या हाताला गटाराचं झाकण फुटलेलं आहे. टेम्पो मागे घेताना डाव्या हाताला गटाराचं झाकण फुटलेलं आहे." वळून पाहिलं तर उंबऱ्यात एक ठेंगणीशी बाई उभी. हातात लाटणं. ओठ नुसते हललेले, आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचलेला.

त्या नाशिकरोडच्या स्टँडवर गाड्या पुकारायच्या. सगळी नोकरी त्यातच गेली. निवृत्त झाल्या, पण आवाजाला ते कुणी कळवलं नव्हतं. घंटागाडी आली की त्याच पुकारणार, पाणी कमी दाबाने येणार असेल तर त्याच पुकारणार, आणि सगळं दोनदा. एकदा सांगून माणसाला ऐकू येतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. गल्लीतलं कुणीही पिशवी घेऊन निघालं की कुठे जाताय हे विचारून कोणती गाडी, कोणत्या फलाटावर, कुठे बदलायची, हे सांगितल्याशिवाय सोडत नसत. आपली स्वतःची कार आहे असं सांगणाऱ्याकडे त्या जरा कीव केल्यासारखं बघायच्या.

त्यांच्याकडे दोन मराठी होत्या. एक माइकवरची, शुद्ध, प्रत्येक अक्षर इस्त्री केलेलं. दुसरी सिन्नरची, माहेरची. राग आला, लाड आले, जीव घाबरला की दुसरी बाहेर यायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून मला त्या मॅडम म्हणायच्या, आणि त्यात निम्मी चेष्टा असायची. "तुमच्या तिथं बोलायला बंदी, आमच्या तिथं गप बसायला बंदी. आपलं जमायचं कसं मॅडम?" जमलं मात्र चांगलं.

आवाजाला त्या फार जपत. आइस्क्रीम नाही, फ्रिजचं पाणी नाही, कमरेला डबी, तिच्यात लवंग आणि खडीसाखर. निवृत्त झाल्यावर तरी खा की हो आइस्क्रीम, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "उद्या बोलावलं तर?" कोण बोलावणार होतं देव जाणे. स्टँडवर तोपर्यंत रेकॉर्ड केलेला आवाज लागायला लागला होता. त्याचं नाव काढलं की त्या नाक मुरडायच्या. म्हणायच्या, त्या आवाजाला कुणाची गाडी चुकली तरी वाईट वाटत नाही.

त्यांना वाटायचं. एकदा ऐन दिवाळीच्या गर्दीत एक म्हातारी मुलापासून चुकली. विमलताईंनी तिला खिडकीशेजारी बसवलं, चहा पाजला, आणि पुकारायला सुरुवात केली. "हिरव्या लुगड्यातल्या आजी चौकशी खिडकीपाशी आहेत. आजी चहा घेत आहेत. मुलाने घाबरू नये." गाड्या बाजूला राहिल्या आणि आजीच चालू. साहेब धावत आले, बाई घोटीची गाडी पुकारा, लोक खोळंबलेत. विमलताई माइकवर हात ठेवून म्हणाल्या, "घोटीला आर्ध्या तासानं दुसरी हाय. हिला कोण हाय?" मुलगा सापडेपर्यंत त्यांनी माइक सोडला नाही. मेमो मिळाला. तो त्या कौतुकाने सांगत.

आणखी एक खोड. कुठलीही वस्तू घेताना त्या बोटाच्या पेरांनी ठोकून, कान लावून बघायच्या. नारळ, कलिंगड तर आपण सगळेच ठोकतो. त्या माठ ठोकायच्या, गॅसची टाकी ठोकायच्या, आमचं नवं कपाट आलं तेव्हा तेही ठोकून "आतून रिकामं हाय" असा निकाल देऊन मोकळ्या झाल्या. माझा कपाटातला रस त्या दिवशीच संपला.

त्यांचे यजमान, गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. शिफ्टची नोकरी, स्टँडवरून रोजचं जाणं-येणं. गाडीची वाट बघत असताना त्यांनी हा आवाज ऐकला. आधी आवाज ऐकला, तोंड नंतर पाहिलं, असं ते सांगायचे. त्यावर विमलताईंचं ठरलेलं, "आन तोंड बघून पळून नाय गेले, हेच माझं नशीब." अण्णा मितभाषी, इस्त्रीच्या शर्टातले, जेवणाचा डबा स्वतः घासणारे. मला ते आवडायचे.

मग अण्णा विसरायला लागले. पहिल्यांदा चष्मा, मग गल्लीतली नावं, मग आपण निवृत्त झालो आहोत हेच. एके दिवशी पहाटे उठून त्यांनी शर्ट चढवला, रिकामा डबा घेतला आणि फर्स्ट शिफ्टला निघाले. आमच्या गल्लीत दारं सकाळी सडा पडला की उघडतात ती रात्री जेवणं झाल्यावर लागतात. दिवसा कुणाचं दार बंद दिसलं तर दोन घरं सोडूनचं माणूस येऊन विचारतं, काय हो, बरं आहे ना? त्यामुळे उघड्या दारातून बाहेर पडताना अण्णांना कुणी अडवायचा प्रश्नच नव्हता. विमलताईंना ते एकलहऱ्याच्या गेटवर सापडले. वॉचमनशी वाद घालत होते.

दुसऱ्या वेळी ते कॅनॉल रोडला सापडले. एका पायात चप्पल, गुडघा फुटलेला, डबा मात्र छातीशी धरलेला. या वेळी मुलगा महेश पुण्याहून आला. तो वाईट मुलगा नाही. पण त्याच्याकडे वेळ नव्हता, आणि ज्यांच्याकडे वेळ नसतो ते तोडगे घेऊन येतात. पुण्याजवळ अशा लोकांना सांभाळणारी एक संस्था त्याने पाहून ठेवली होती. आमच्यासमोरच तो म्हणाला, "आई, आता अण्णा एकदा जरी असे बाहेर गेले ना, तर मी त्यांना तिकडे ठेवणार. ट्रकखाली आल्यावर रडत बसायचं का आपण?"

विमलताईंनी अण्णांच्या गुडघ्यावरची पट्टी नीट केली.  मग म्हणाल्या, "नाय जायचे. माझ्यावर ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दार बंद झालं. घराला होतं ते साधं फ्लश डोअर, आतून कुलूप. आणि अण्णा त्या दारावर थापा मारायला लागले. उघडा. शिफ्ट चुकतेय. उघडा. कोंडलेल्या माणसाचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, पुन्हा ऐकायचीही इच्छा नाही. तळहात सुजले. एकदा दारापुढेच त्यांना लघवी झाली आणि ते तिच्याकडे बघत उभे राहिले. हे विमलताईंनी मला सांगितलं ते सिन्नरच्या मराठीत, अगदी हळू.

पलीकडच्या घरातून निरोप आला. ताई, राग मानू नका, पण मुलांच्या परीक्षा आहेत. आता यात राग मानण्यासारखं काय नव्हतं ते मला सांगा. विमलताई मात्र मानेनंच हो म्हणाल्या. नंतर मला म्हणाल्या, "ह्यांचं वरडणं गल्लीत नको मॅडम. उभ्या जन्मात कुणावर आवाज चढवला नाय ह्या माणसानं."

मार्ग सापडला तो त्या जेरीस आल्या तेव्हा. एका सकाळी अण्णा दाराशी झुंजत असताना त्या हताश होऊन भिंतीला टेकल्या, आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "एकलहऱ्याला जाणारी गाडी आज तांत्रिक कारणामुळे उशिरा सुटेल. एकलहऱ्याला जाणारी गाडी आज तांत्रिक कारणामुळे उशिरा सुटेल. प्रवाशांनी बसून घ्यावं." अण्णा थांबले. इकडे तिकडे पाहिलं. खुर्ची ओढली, डबा मांडीवर घेतला आणि बसले. निमूट. त्यांच्या आयुष्यात गाड्यांना उशीर व्हायचाच, त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

पण नुसत्या दाराकडे बघत माणूस किती वेळ बसणार? थोड्या वेळाने पुन्हा थापा. ज्याला गाडीची वाट बघायची त्याला रस्ता दिसायला हवा. घराची एकुलती एक खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडणारी. तेव्हा विमलताईंनी ठरवलं, दारच बदलायचं. काचांचं करायचं.

आमची गाडी आहे म्हणून मला बरोबर घेतलं. त्या वेळी आमचे हे अण्णांपाशी बसले. द्वारका चौकाकडच्या एका वखारीत आम्ही गेलो. आत लाकडाचा तो कोरडा तेलकट वास, भिंतीला टेकवलेली दारंच दारं. मालकाने आधी चकचकीत तयार दारं दाखवली. विमलताई एकेक ठोकत, कान लावत पुढे. "हे रिकामं. हेही रिकामं. हे तर पुठ्ठाच हाय." मालकाचा चेहरा उतरत चालला होता.

"ताई, नेमकं हवंय काय?"

"भरीव सागवान. थाप मारली तर थाप लाकडात जिरली पाहिजे, बाहेर जाता कामा नये. आणि मधे काचा."

"मेन डोअरला काचा? सगळे आत बघतील ना."

"बघू दे की. त्याच्यासाठीच तर करायचंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझे दोन डोळे कुठवर पुरणार? जरा लागला डोळा, तर गल्लीचे डोळे असतील ह्यांच्यावर."

मग त्यांनी दुकानातली एक प्लास्टिकची खुर्ची ओढून मला बसवलं. मी अण्णांच्या उंचीची नाही, म्हणून खाली एक फळी टाकून बसवलं. पिशवीतून शिंप्याचा टेप काढून जमिनीपासून माझ्या डोळ्यांपर्यंत माप घेतलं. गिऱ्हाइकं बघत होती आणि मी सागाच्या फळीवर बसून समोरच्या हमालाकडे मख्खासारखी पाहत होते. आयुष्यात इतकं अवघडल्यासारखं मला क्वचितच झालं असेल. "दिसतोय का रस्ता? मान उंच नाय ना करावी लागत?" नाही म्हटलं. त्यांनी टेप माझ्या कमरेपाशी धरला. "मग इथून वर काचा. इथून खाली लाकूड."

मालक म्हणाला, खालपर्यंत काच घेतली तर उजेड छान येईल, हल्ली तीच फॅशन आहे. त्यावर विमलताईंनी त्याला उत्तर दिलं नाही. बाहेर पडल्यावर मला दिलं. "वरून शर्ट दिसंल, तोंड दिसंल. मी रोज इस्त्रीचा घालीन. कमरेच्या खाली काय असतंय नि काय नसतंय ते रस्त्याला कशाला कळायला पाहिजे?" मी गाडी चालू करत होते, किल्ली फिरवायची राहिली. एवढ्या अंगांनी विचार आम्ही पुस्तकं वाचणारे कधी करतो का, वगैरे मी म्हणणार नाही. एवढंच म्हणते की त्यांचं नवऱ्यावर फार प्रेम होतं, आणि ते असं मापात उतरत असे.

दार बसवायला रामनाथ मिस्तरी आला. तोही सिन्नरकडचा निघाला, मग काय, तासभर आधी गावाच्या गप्पा. नवी चौकट उभी करायच्या आधी विमलताईंनी तिला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, उंबऱ्यावर फूल ठेवलं. अण्णा तेव्हा आमच्या दारात खुर्चीवर, डबा मांडीवर. मधूनमधून रस्त्यापलीकडून घोषणा होत होती, "प्रवाशांनी प्रतीक्षा करावी," आणि रामनाथ प्रत्येक वेळी रंधा थांबवून दचकत होता.

बिजागऱ्या लावायची वेळ आली तेव्हा वाद झाला. रामनाथ म्हणाला, "ताई, खोली लय आरुंद. दार भायेर उघडतं करू. आत म्हातारबाबाची खुर्ची ऱ्हाईल, जागा व्हईल."

"बाहेर?" विमलताईंनी असं विचारलं की जणू त्याने चूल रस्त्यात मांडायला सांगितली होती. "घराचं दार आत उघडतं रामनाथ. बाहेर उघडतं ते दुकानाचं. आलेल्या माणसाच्या तोंडावर दार ढकलायचं का? लक्ष्मी काय धक्का खाऊन आत यायची?"

"आवो, आता फ्लॅटला कुठं कुठं करत्यात."

"करू दे. ही पूजा केलेली चौकट हाय."

मलाही ते पटलं. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनाच पटलं. आमच्यापैकी कुणाचंही दार बाहेर उघडत नाही.

रामनाथने चौकटीच्या कडेने रबराची पट्टी बसवली, तीही ताईंच्या सांगण्यावरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. काचा कडक, थापेने न फुटणाऱ्या. दोन उभ्या ओळींत सहा. कुलूप दोन्ही बाजूंनी किल्लीने उघडणारं. एक किल्ली ताईंच्या कमरेला, त्या लवंगेच्या डबीशेजारी, एक महेशकडे, एक आमच्याकडे. दार लावून घेतलं, आणि ताईंनी आतून ओरडून पाहिलं. आम्हाला बाहेर तोंड हलताना दिसलं फक्त. स्टँड दणाणून सोडणारा तो आवाज, आणि काही म्हणजे काही ऐकू येईना. त्या दार उघडून बाहेर आल्या. चेहऱ्यावर काय आनंद!

"आलं का ऐकू?"

"नाही."

"बघा! ह्याला म्हणतात दार."

मग अण्णांना नेऊन काचेमागे बसवलं. ते बराच वेळ रस्ता बघत राहिले. भाजीची गाडी गेली. शाळेची व्हॅन आली. व्हॅनमधल्या एका पोरीने सहज हात हलवला, आणि अण्णांनी, ज्यांना स्वतःच्या मुलाचं नाव सांगता येत नव्हतं, हात उचलून तिला टाटा केला.

त्यानंतर जवळपास वर्षभर ते रोज तिथे बसत. गल्लीला सवयच लागली. जाता येता लोक हात करायचे, अण्णा हात करायचे. भाजीवाला कोथिंबिरीची जुडी वर करून दाखवायचा. ज्यांना परीक्षांची काळजी होती तेही हसून हात करायचे, आता ऐकू काहीच येत नव्हतं ना. पहाटे ताई दार उघडून रांगोळी घालायच्या, पुन्हा कुलूप. त्या दाराचं बंद असणं आमच्या अंगवळणी पडलं. दार बंद का, असं विचारायला कुणी जात नव्हतं. आत अण्णा दिसत होते, म्हणजे सगळं ठीक होतं.

ताई अधूनमधून यायच्या, उभ्या उभ्या. बारीक झाल्या होत्या. डावा हात चोळत असायच्या. मी म्हणायचे, डॉक्टरला दाखवा, मी बसते अण्णांपाशी. "बघू" म्हणायच्या. त्या बघू म्हणजे नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळत होतं. एकदा मी अपॉइंटमेंट घेऊन टाकली. त्या ठरल्या वेळी तयार होऊन आल्या, आणि उंबऱ्यातून परत गेल्या. अण्णा दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत, म्हणाल्या. ते खरंच होतं. तोवर अण्णांनी त्यांना ओळखणं सोडलं होतं. ते त्यांना बाई म्हणत. बाई, गाडी पुकारली का?

"तोंड विसरले, आवाज नाय विसरले," ताई एकदा म्हणाल्या. "जसं सुरू झालं होतं तिथंच आलं की मॅडम." आणि हसल्या. त्या हसण्यात काही गोड नव्हतं. त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी आम्ही दोघं एका साखरपुड्यासाठी सकाळी लवकरच घोटीला गेलो होतो. परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीत सगळीकडे दिवे लागलेले, फक्त समोरच्या सहा काचा काळ्या. ताई अंधार पडायच्या आत दिवा लावायच्या, अण्णा अंधाराला घाबरत म्हणून. मी जवळ गेले. काचेमागे अण्णा बसलेले होते, अंधारात. मला पाहिलं आणि दोन्ही तळहात काचेवर ठेवले. दारापुढे रांगोळी नव्हती.

आमच्या ह्यांनी किल्ली आणली. कुलूप उघडलं. दार उघडेना. ढकललं तर चार बोटं सरकलं आणि मऊसर काहीतरी आडवं आलं. त्या फटीतून अण्णांचा आवाज आला, अगदी समजूतदार. "हळू. बाई झोपल्यात इथं."

आमच्या ह्यांनी खांदा लावला होता तो काढून घेतला. मी खाली बसले, फटीतून हात घातला आणि चाचपडलं. आधी रांगोळीचा भुगा हाताला लागला. मग बांगड्या. मग थंड हात. मुठीत किल्ली होती.

पहाटे रांगोळीला निघाल्या असणार. तिथेच कोसळल्या, आणि दारापर्यंत सरपटत आल्या. दाराला टेकून पडल्या होत्या, अगदी तळाशी, जिथे नुसतं लाकूड असावं असं त्यांनीच माप घेऊन ठरवलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, लगेच गेल्या नसाव्यात. काही तास असतील. लाकडावर आतल्या बाजूने त्यांच्या बांगडीचे ओरखडे होते. वाचा बहुतेक पहिल्याच झटक्यात गेली होती. आणि नसती गेली तरी काय?

मग हळूहळू एकेक जण बोलायला लागला. व्हॅनवाला म्हणाला, आजोबा आज दोन्ही हातांनी टाटा करत होते, पोरं खूश झाली. भाजीवाला म्हणाला, काच वाजवत होते, मी जुडी दाखवली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, ते सारखं खाली बोट दाखवत होते, मला वाटलं नव्या चपला दाखवतायत. त्यांनी अंगठा उंचावून छान म्हटलं होतं. हे सांगताना त्या ज्या रडायला लागल्या त्या थांबेचनात. मला त्यांचा राग राग करायचा होता, तोही धड करता आला नाही. सगळ्यांनी पाहिलं होतं. ताईंना हवं होतं तसं, दिवसभर गल्लीचे डोळे त्यांच्या दारावर होते.

दार ढकलायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. फटीतून हात घालून त्यांना थोडं थोडं बाजूला घेतलं, त्याला वेळ लागला. मग कुणीतरी दिवा लावला.

महेश रात्री आला, सकाळी ताईंना न्यायचं ठरलं. पहाटेपासून ते दार सताड उघडं होतं. वर्षभरात पहिल्यांदाच. माणसं येत होती, जात होती, कुलूप नाही, किल्ली नाही, अडवायला कुणी नाही. समोर मोकळा रस्ता. आणि अण्णा त्या उघड्या दाराशेजारी आपल्या खुर्चीवर, कालच्याच शर्टात, डबा मांडीवर घेऊन बसलेले. महेश म्हणाला, अण्णा, आत चला. नाही. माझ्या काय मनात आलं कोण जाणे, मी खाली वाकून, जमेल तेवढं शुद्ध बोलले, "एकलहऱ्याला जाणारी गाडी आज रद्द झाली आहे." अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मान हलवली.

"तुम्ही नाही," म्हणाले. "त्या बाई सांगतील."

ताईंना उचललं तेव्हा अरुंद खोलीत तिरडी वळेना. दार पूर्ण आत, भिंतीला लावून धरावं लागलं. ते मी धरलं होतं. अण्णांनी पाय पोटाशी घेऊन वाट करून दिली. ताई त्यांच्या गुडघ्यांजवळून बाहेर गेल्या. गल्ली रिकामी झाली तरी ते उठले नाहीत, उंबऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कान देऊन बसले होते.

"अजून पुकारलं नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

मी नाही म्हटलं.